पालकसभेला न येणारे पालक आणि त्यांच्या मुलांचे वाचन

वडोदऱ्यातील एका गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवणाऱ्या मराठीभाषक शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे: वर्गात ३४ मुले आहेत आणि त्यांपैकी दहा-बारा मुलांना सलग चार ओळी वाचता येत नाहीत. ही मुले बहुतेक खानदेशातून आलेल्या मजूर कुटुंबांतील आहेत, काही दाहोद व छोटाउदेपूरकडच्या आदिवासी कुटुंबांतील आहेत. वालीमीटिंगला, म्हणजे पालकसभेला, नेमके यांचेच पालक येत नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला गृहपाठ होत नाही. सहकारी म्हणतात, या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही, त्यांना दंड केला तरच ते वठणीवर येतील. अशा घरांना शाळेच्या कामात कसे सामील करून घ्यावे, घरभेटींचा उपयोग होतो का आणि पालकांकडून नेमकी कसली अपेक्षा ठेवावी, असे त्यांनी विचारले आहे. मी या शहरातील आणि परिसरातील प्राथमिक शिक्षकांबरोबर दीर्घकाळ काम केले आहे, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. वाचायला शिकवणे हे शाळेचे काम आहे आणि ते घरावर सोपवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात आई-वडील दोघेही दिवसभर मजुरीवर असतात आणि शाळेची लिपी कोणालाच वाचता येत नाही, त्या घराला "मुलाचा अभ्यास घेत जा" असे सांगणे म्हणजे जे त्यांच्यापाशी नाही तेच मागणे होय. त्याच घराकडून तीन गोष्टी मात्र मागता येतात आणि बहुतेक घरे त्या देतात: मूल रोज वेळेवर शाळेत पाठवणे, संध्याकाळी पंधरा मिनिटे कोणीतरी त्याच्याजवळ बसून त्याचे वाचन ऐकणे, मग ऐकणाऱ्याला वाचता येत असो वा नसो, आणि गावी जाणे, कामाची जागा बदलणे, घरातले आजारपण असे काही होणार असेल तर ते शिक्षकांना आधी कळवणे. याहून जास्त मागितले की घर ओशाळते, आणि ओशाळलेले घर शाळेपासून तोंड लपवू लागते.

आता आस्थेचा मुद्दा. सभेला कोण आले यावरून आस्था मोजता येत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या माणसाला सकाळी ११ च्या सभेसाठी अर्ध्या दिवसाची, अनेकदा पूर्ण दिवसाची मजुरी सोडावी लागते. अलकापुरीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या वेळी तिसऱ्या घरात असते. त्यातून ती मजुरी बुडवून आलीच, तर तिला चारचौघांत ऐकावे लागते की तुमच्या मुलाला काही येत नाही, तो वही आणत नाही, त्याचे लक्ष नसते. पुढच्या सभेला ती आली नाही तर मला त्यात अनास्था दिसत नाही, शहाणपण दिसते. आस्थेचा खरा पुरावा दुसरीकडे सापडतो. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील पहिली ते आठवीतील सुमारे ३० टक्के मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती, आणि हे प्रमाण २०१८ पेक्षा वाढलेले होते. शहरातील मजूर वस्त्यांतही शिकवणीचे पैसे पोटाला चिमटा काढून भरले जातात, हे आपण एखाद्या गल्लीत संध्याकाळी सहज विचारले तरी कळेल. आस्था आहे, ती शाळेच्या दारापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

दंडाची कल्पना वडोदऱ्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड करण्याची तरतूद त्यात होती. ज्या घरांनी शाळा पाहिलीच नव्हती त्यांच्यापुढे त्या काळी सक्तीला अर्थ होता. आपल्या वर्गातील मुले मात्र पटावर आहेत आणि शाळेत येतही आहेत. ती चार वर्षे वर्गात बसूनही वाचायला शिकली नाहीत, ही आपली अडचण आहे, आणि तिचा दंड करायचाच झाला तर तो पालकाला होणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० ने मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकावर ठेवले, पण ते चुकल्यास शिक्षा ठेवली नाही. उलट कलम २४ ने शिक्षकावर हे कर्तव्य ठेवले की त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगावी. सहकाऱ्यांशी वाद न घालता एवढे कलम त्यांच्या नजरेस आणून दिले तरी पुरे.

शाळेने आपल्या वाट्याचे काम कसे करावे, याचा एक चांगला पुरावा आपल्याच शहरात तयार झालेला आहे. २००१ ते २००३ या काळात वडोदरा आणि मुंबईच्या महापालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालला आणि अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळा पूर्ण केलेली, त्याच परिसरातली एक तरुण मुलगी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसत असे आणि त्यांना जे येत नाही तिथून, म्हणजे अक्षरओळख, शब्द, बेरीज-वजाबाकी यांपासून, शिकवत असे. शाळेच्या सरासरी गुणांत पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) इतकी वाढ झाली, आणि ही वाढ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांमुळेच होती. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला बराच लाभ ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्यासारखे नाही. ज्या मुलाला अक्षरे येत नाहीत त्याला चौथीचे पुस्तक शिकवत राहण्याने काही होत नाही. त्याला त्याच्या पायरीवर उतरून रोज, नेमाने शिकवावे लागते आणि मध्येच सोडता येत नाही. आपल्या वर्गातील दहा-बारा मुलांसाठी रोजचा पाऊण तास असा राखून ठेवता आला, तर पालकांशी बोलायला आपल्यापाशी काही असेल. तो नसेल तर घरभेटी आणि सभा हे केवळ सौजन्य ठरते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगतो. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात झालेल्या एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, गावसभा घेऊन पालकांना ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले गेले. आपण त्या समितीचे सदस्य आहोत हेच अनेकांना ठाऊक नव्हते. माहिती दिल्यानंतरही पालकांचा शाळेतील सहभाग वाढला नाही, शिक्षकांची हजेरी सुधारली नाही आणि मुलांचे शिक्षणही हलले नाही. मात्र त्याच जिल्ह्यातील ज्या गावांत स्थानिक तरुणांना शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला शिकवले, तिथे त्या वर्गांना गेलेल्या मुलांच्या वाचनात चांगली सुधारणा झाली. लोकांना 'जागृत' करण्याची भाषणे आपल्याकडे फार होतात, म्हणून हा दाखला मी शिक्षकांना वारंवार देतो. माणसे बोलावण्याने जमत नाहीत. करता येण्याजोगे नेमके काम समोर असले की जमतात.

आता पालकांशी बोलायचे काय आणि कसे. प्रगतिपत्रकातील श्रेणी या पालकांना काहीही सांगत नाही. 'ब' श्रेणी म्हणजे मुलाला वाचता येते की नाही? चौथीतला मुलगा अक्षर ओळखण्यात अडखळतो हे त्याच्या आईला माहीतच नसते, कारण तो वही भरून आणतो आणि फळ्यावरचे सुबक उतरवून घेतो. म्हणून पालकासमोर मुलाला दोन मिनिटे वाचायला लावावे: काही अक्षरे, काही सोपे शब्द, एक चार ओळींचा परिच्छेद, एक छोटी गोष्ट. जिथे मूल सहज वाचते तिथे थांबून त्याचे कौतुक करावे आणि मग सांगावे, "तुमचा मुलगा शब्द वाचतो, वाक्य वाचताना अडतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो परिच्छेद वाचू लागेल असे मी पाहते आहे. मी रोज त्याला वेगळे शिकवते. तुम्ही रात्री जेवणाआधी हे एक पान त्याच्याकडून ऐकायचे." निरक्षर आईलाही मूल अडखळते की सरळ वाचते हे कानाने कळते, आणि महिन्याभराने तोच परिच्छेद तो न अडखळता वाचतो हेही कळते. श्रेणी, टक्केवारी, अध्ययन निष्पत्ती हे सारे कार्यालयाच्या कागदांसाठी असू द्यावे.

पहिला संपर्क तक्रारीचा नसावा. जून-जुलैतच, काहीही बिघडलेले नसताना, प्रत्येक घरी एक निरोप असा जावा की ज्यात मुलाबद्दल एक खरी, चांगली आणि नेमकी गोष्ट असेल. 'हुशार आहे' असे मोघम नको. 'मधल्या सुट्टीत पहिलीतल्या मुलांना रांगेत उभे करतो' असे हवे. शाळेचा फोन आला म्हणजे काहीतरी वाईटच घडले, अशी या घरांची पक्की समजूत झालेली असते आणि ती आपणच करून दिलेली आहे.

तक्रारीविषयी आणखी एक गोष्ट, आणि ही मी सर्वांत महत्त्वाची मानतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मुळे शाळेत मारण्यास बंदी आली, पण अनेक शिक्षक नकळत मार घरी पाठवतात. "तुमचा मुलगा अभ्यास करत नाही" हे वाक्य दिवसभर सिमेंटची घमेली वाहून आलेल्या बापाला संध्याकाळी सांगितले की पुढे काय होते, हे मुलाला दुसऱ्या दिवशी विचारून पाहावे. तो सांगणार नाही, पण शाळेत येईनासा होईल. त्यामुळे घरी जाताना तक्रार घेऊन जाऊ नये. अडचण सांगायचीच असेल तर ती आपली म्हणून सांगावी: "त्याला शब्द वाचायला शिकवताना मला अडचण येते आहे, तो घरी कशात रमतो ते सांगा." हा केवळ बोलण्याचा गोडवा नाही. मूल घरी काय करते हे पालकाला ठाऊक असते, आपल्याला नसते, आणि ते कळल्याशिवाय आपले शिकवणे पुढे जात नाही.

घरभेटीचा उपयोग होतो का? होतो, पण तपासणीच्या थाटात केली तर अपाय होतो. हातात रजिस्टर घेऊन दोघी-तिघींनी जाऊन घरातील माणसे, उत्पन्न, शौचालय अशी माहिती भरून घेणे म्हणजे घरभेट नव्हे. तशी माणसे त्या वस्तीत अनेक योजनांची येऊन गेलेली असतात. एकटीने किंवा वस्तीतल्या ओळखीच्या बाईला बरोबर घेऊन जावे, आदल्या दिवशी मुलाबरोबर निरोप पाठवावा, संध्याकाळी सात नंतरची किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवसाची वेळ घ्यावी, आणि खोलीत जागा नसेल तर ओट्यावर बसावे. चहा दिला तर घ्यावा. शेजारीपाजारी ऐकत असताना जात, पैसे किंवा नवऱ्याचे व्यसन यांविषयी एक शब्दही काढू नये. चार गोष्टी समजून घ्याव्यात: संध्याकाळी मुलाजवळ कोण असते, घरात सर्वांत जास्त शिकलेले माणूस कोण, दिवा आणि बसण्याची जागा कुठे आहे, धाकटी भावंडे कोण सांभाळते. शेवटचा प्रश्न मुलींच्या बाबतीत चुकवू नये. मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहते याचे कारण पुष्कळदा धाकटे भावंड असते. ते भावंड तीन वर्षांचे झाले असेल तर जवळच्या अंगणवाडीत त्याची सोय लागते का, शेजारची आजी दुपारपर्यंत सांभाळते का, हे पाहण्यात घालवलेला अर्धा तास हजेरीवरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त कामाला येतो. अंगणवाडी शाळेच्या आधी सुटते, तेव्हा मधल्या वेळेचा प्रश्नही त्याच भेटीत सोडवावा लागतो.

भाषेकडे वडोदऱ्यात विशेष लक्ष द्यावे लागते आणि आपण मराठीभाषक असल्यामुळे इथे आपली बाजू वरचढ आहे. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात पाचवी-सातवीपर्यंत शिकलेली आई देवनागरी वाचते, बोललेली गुजराती इतक्या वर्षांत तिला पूर्ण समजते, पण शाळेची सूचना तिला वाचता येत नाही, कारण शिरोरेषा नसलेल्या गुजराती लिपीत ख, च, ज, फ यांसारखी अक्षरे तिला ओळखीची वाटत नाहीत. शाळेच्या लेखी ती निरक्षर ठरते आणि तीही स्वतःला तशीच समजू लागते. सूचना देवनागरीत लिहून दिली, किंवा बोलून पाठवली, तर हा अडसर दूर होतो. चौथीला हिंदीचे पुस्तक येते, म्हणजे मुलाच्या दप्तरात देवनागरी येते. हिंदीचे रोजचे एक पान आईने मुलाबरोबर वाचावे, असे या घरांना आवर्जून सांगावे. शाळेचे काहीतरी आपल्याला येते, हा अनुभव त्या आईला बहुधा पहिल्यांदाच मिळतो. आणि घरी गुजरातीच बोला, असा सल्ला कृपया देऊ नये. मोडक्यातोडक्या गुजरातीपेक्षा अहिराणीत किंवा मराठीत आजीने सांगितलेली भरघोस गोष्ट मुलाच्या भाषेला जास्त बळ देते. शब्द, कार्यकारणभाव, पुढे काय होईल याचा अंदाज हे सारे त्या गोष्टीत असते आणि वाचताना तेच उपयोगी पडते. भिली बोलणाऱ्या दाहोदकडच्या घरांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे आपल्याला दुभाष्याची गरज लागेल, आणि तो वर्गातल्याच एखाद्या मुलाचा मोठा भाऊ किंवा बहीण असू शकेल.

गणितात तर घराकडून पुष्कळ मिळते. खंडेराव मार्केटबाहेर भाजी विकणाऱ्या आईबरोबर बसणारा मुलगा पाव किलो, अर्धा किलो, सुटे पैसे यांचा हिशेब तोंडी करतो आणि वर्गात हातच्याची वजाबाकी चुकतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील अभ्यासात हेच दिसले की ती मुले व्यवहारातला अवघड हिशेब अचूक करतात पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडले की अडतात, आणि शाळेत शिकणाऱ्या इतर मुलांची गत उलटी असते. अशा मुलाच्या आईला वर्गात बोलावून तासभर तिच्या हिशेबाची रीत मुलांना दाखवायला सांगावी. मजुरी बुडणार नाही अशी वेळ अर्थातच आपण तिलाच विचारायची.

गृहपाठ आणि फोन यांविषयी थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे म्हटले आहे. गटावर रोज पाठवलेली छायाचित्रे या घरांत वडिलांच्या फोनवर जातात, तो फोन रात्री आठला घरी येतो आणि महिन्याचे शेवटचे चार दिवस त्यात रिचार्ज नसते. टाळेबंदीच्या काळात २०२० मध्ये बोत्सवाना या आफ्रिकी देशात झालेल्या एका प्रयोगात केवळ लेखी संदेश पाठवण्याने मुलांच्या गणितात विशेष फरक पडला नाही, मात्र संदेशाबरोबर आठवड्यातून एकदा शिकवणाऱ्याने १५-२० मिनिटे फोनवर पालक व मूल यांच्याशी बोलून गणित सोडवून घेतले, तिथे स्पष्ट सुधारणा झाली. त्यामुळे गटावर कमी पाठवावे. त्या दहा-बारा घरांना आठवड्यातून एक फोन, तोही पाच-सात मिनिटांचा आणि रात्री साडेआठनंतरचा, एवढे पुरे. न जमल्यास आपल्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप पाठवावा. तो मूल स्वतःच चार वेळा ऐकते.

घरात शिकलेले कोणीच नसेल तर वस्तीत कोणीतरी असते: दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी, आठवीतला भाऊ, मंडळाच्या गणपतीला पुढे पुढे करणारा एखादा तरुण. सहा-सात मुलांना संध्याकाळी अर्धा तास एकत्र वाचायला बसवणे एवढेच काम अशा व्यक्तीकडे द्यावे, साहित्य आपण द्यावे आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बसावे. राजस्थान व बिहारमध्ये आयांसाठी साक्षरता वर्ग आणि घरी मुलाबरोबर करायचे छोटे उपक्रम यांची जोड देऊन पाहिलेल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण ती थोडीच होती. आयांचा मुलांच्या अभ्यासातील सहभाग मात्र वाढला. घराकडून होणारा फायदा असाच असतो, खरा पण बेताचा, आणि तो शाळेच्या शिकवण्याची जागा घेत नाही.

वर्षाचे वेळापत्रक या कुटुंबांच्या पावलांनी आखावे लागते. आदिवासी कुटुंबे पेरणीच्या दिवसांत गावी जातात, होळीला जवळपास सगळीच जातात आणि लग्नसराईमुळे लवकर परतत नाहीत. खानदेशातली कुटुंबे दिवाळीच्या २१ दिवसांच्या सुट्टीला आपला आठवडा-दीड आठवडा जोडतात. नवरात्रात सभा ठेवू नये; रात्री गरबा आणि सकाळी सभा हे या शहरात कोणालाच झेपत नाही. जायच्या आधी पालकाने कळवावे, ही आपली मागणी इथे कामी येते: मुलाबरोबर एक पातळ पुस्तक आणि आठ-दहा पानांची वही द्यावी, परतण्याचा अंदाज विचारून ठेवावा आणि परतल्यावर रागवू नये. कुटुंब कायमचे जात असेल तर कलम ५ नुसार दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाच्या पुराव्याअभावी किंवा उशीर झाला म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ व १५ मध्ये आहे. पालकांना हे कागदावर लिहून द्यावे, कारण पुढच्या शाळेच्या दारात आपण नसतो.

शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांत मदत करणे हाही विश्वास मिळवण्याचा चांगला मार्ग आहे, पण आश्वासन जपून द्यावे. महाराष्ट्रातून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला गुजरातमध्ये त्या प्रवर्गाचे लाभ आपोआप मिळत नाहीत. १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून हे स्पष्ट आहे. आधी आशा लावून नंतर फॉर्म परत आला की दोष शिक्षकावर येतो.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल फार लिहीत नाही. कलम २१ नुसार तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते, आणि तरीही बऱ्याच ठिकाणी सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात. आपल्या त्या दहा-बारा घरांपैकी एक आई तिथे बसावी एवढे मात्र पाहावे आणि पहिल्या बैठकीत तिला एकच विषय मांडायला सांगावा: पालकसभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्या. तो ठराव झाला तर तिला समितीचा अर्थ आपोआप कळेल.

काही घरांत अडचण याहून खोल असते. मुलाला नियमित मारहाण होत असेल, उपाशी ठेवले जात असेल किंवा कामाला जुंपले असेल, तर ते एकट्या शिक्षिकेने घरी जाऊन समजावण्याचे प्रकरण नाही. आचार्यांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, लेखी कळवून १०९८ या बालमदत क्रमांकावर संपर्क करावा.

राहिला वेळेचा प्रश्न, जो आपण विचारला नाही पण मनात असणारच. ३४ घरी जायचे नाही. ज्यांना वाचता येत नाही त्या दहा-बारांकडेच जायचे, आठवड्याला दोन याप्रमाणे. त्यात दीड महिना जाईल. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर कामे शिक्षकांवर लादता येत नाहीत, याची आचार्यांना आठवण द्यावी लागली तर द्यावी, पण आधी त्यांच्याकडून रोजचा तो पाऊण तास मागून घ्यावा. तो सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावरच भेटींना निघावे. पहिली भेट अशा मुलाच्या घरी ठेवावी ज्याची थोडी प्रगती त्याच्या आईला तिथल्या तिथे वाचून दाखवता येईल. सर्वांत अवघड घर पाचव्या-सहाव्या भेटीला घ्यावे. तोपर्यंत शाळेतल्या बाई घरी येऊन काय बोलतात, हे त्या घराने शेजारून ऐकलेले असेल.